सहा वाजताचा दिवा

सहाला दहा मिनिटं कमी होती आणि बाईंच्या वाचनाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या कधीच भरल्या होत्या. उरलेले लोक खिडकीच्या कट्ट्यावर, पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर आणि खरं सांगायचं तर एकमेकांच्या पायांवर बसले होते. बाहेर जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चपला-बुटांचा ढीग लागला होता. आणि एवढी माणसं टक लावून बघत काय होती? भिंतीवरचा एक दिवा. दुधी काचेचा, नऊ वॅटचा. मीच बसवलेला.

मी इलेक्ट्रिशियन. फोनवरून चालणारे दिवे, पंखे, पडदे, दाराची कुलपं, असलं सगळं घरात बसवून देणं हा माझा धंदा. त्या दिवशी मी काही दर्शनाला गेलो नव्हतो. गर्दीच्या रेट्यानं दाराजवळचा प्लग भिंतीतून निखळला होता, म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला बोलावून घेतलं होतं. मी कोपऱ्यात उकिडवा बसून स्क्रू पिळत होतो.

"शांत व्हा," उजेडबाबा म्हणाले. "ते निघालेत."

उजेडबाबा हे नाव लोकांनी दिलं की त्यांनी स्वतःच घेतलं, कोण जाणे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे गृहस्थ चुंबकाच्या गाद्या विकायचे. आता अंगात पांढरेशुभ्र कपडे होते आणि आवाज लोण्यासारखा मऊ झाला होता.

"आत्मा म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. "लहर. वीज म्हणजे काय? लहर. आणि तुमच्या घरातलं वायफाय म्हणजे काय?"

"लहर!" पहिलीच्या वर्गानं पाढा म्हणावा तसे सगळे एका सुरात म्हणाले.

"शाब्बास. पूर्वी बिचाऱ्या आत्म्यांचे फार हाल व्हायचे. टेबलं हलवा, दारं आपटा, पडदे उडवा. नुसती दमछाक. आता घरं स्मार्ट झाली, त्यांचीही सोय झाली. विज्ञानानं मान्य केलंय हे! मी नाही म्हणत, विज्ञान म्हणतंय."

कोणत्या विज्ञानानं, ते कोणी विचारलं नाही. घड्याळात सहा वाजले आणि दिवा लागला.

खोलीतून एक मोठा उसासा उठला. "आले!" खालच्या काकू पुटपुटल्या. दिव्याखाली आरामखुर्ची होती, तिच्या शेजारच्या टेबलावर काकांचा फोटो. काका म्हणजे बाईंचे यजमान. जन्मभर नकाशे काढायचं काम केलेले, मितभाषी, चार महिन्यांपूर्वी गेलेले. फोटोशेजारी बाई बसल्या होत्या. ताठ, केस चापूनचोपून बांधलेले, वर्गात बसायच्या तशाच.

या बाईंनी मला आठवी ते दहावी विज्ञान शिकवलं. शाळेत मी खिशात टेस्टर घेऊन फिरायचो आणि दिसेल त्या प्लगमध्ये खुपसायचो. तेव्हापासून त्यांच्यासाठी माझं नाव टेस्टर. डोक्यावरचे केस पिकले तरी त्यांनी ते बदललं नाही.

मग प्रश्न सुरू झाले. एकदा डोळा मिचकावल्यासारखा दिवा विझून लागला की 'हो', दोनदा झालं की 'नाही'. काका, तुम्ही सुखात आहात ना? हो. तिकडे काही कमी आहे का? नाही. लोक डोळे पुसत होते. मी मात्र स्क्रू पिळायचा थांबलो होतो, कारण मला वेगळंच काही ऐकू येत होतं.

टिक.

माझ्या कानापासून हातभर अंतरावर स्विचबोर्ड होता. त्याच्या पोटात मी काडेपेटीएवढी एक डबी बसवली होती. फोनवरून हुकूम आला की त्या डबीतली लोखंडाची जीभ हलते आणि दिवा लागतो किंवा विझतो. ती जीभ हलल्याचा हा आवाज. बाबा प्रश्न विचारायचे, दीडएक सेकंद शांतता, मग टिक, मग दिवा. दीड सेकंद म्हणजे बरोबर तेवढाच वेळ, जेवढा फोनवरचा हुकूम इंटरनेटवरून फिरून घरात यायला लागतो. परलोकातून आलेल्या माणसाला माझ्या डबीची काय गरज?

मी मान वळवून लोकांच्या चेहऱ्यांऐवजी हातांकडे बघू लागलो. दाराजवळच्या स्टुलावर बाबांचा सेवक बसला होता. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर भक्ती ओसंडून वाहत असलेली आणि उजवा हात झब्ब्याच्या खिशात. त्यानं एक डोळा किलकिला केला आणि आमची नजरानजर झाली. तो माझा जुना भागीदार होता.

 त्याच्या खिशातल्या फोनमध्ये या घराची किल्ली कुठून आली, हे मला ठाऊक होतं. ती मीच दिली होती.

"आता शेवटचा प्रश्न," बाबा म्हणाले. "बाईंच्या डोळ्यांचा. मंगळवारी ऑपरेशन ठरलंय. काका, हे ऑपरेशन करावं का?"

टिक. टिक. आणि पुन्हा टिक. टिक. दिवा दोनदा मिचकावला.

"नाही!" कोणीतरी ओरडलं. बाबांनी समाधानानं मान हलवली आणि पिशवीतून एक निळी बाटली काढली. आत प्रकाशजल होतं. दिव्याच्या लहरींत सात संध्याकाळ ठेवलेलं पाणी. रोज दोन थेंब डोळ्यांत घातले की पडदे गळून पडणार. "आणि जेव्हा विज्ञानाच्या बाईंचे डोळे विज्ञानाशिवाय उघडतील," बाबा म्हणाले, "तेव्हा या शहरात कोणाचीच शंका उरणार नाही."

म्हणजे असं होतं तर. बाबांना बाईंचं घरदार नको होतं. त्यांना बाई हव्या होत्या, जाहिरातीसाठी.

बाईंनी बाटली घेतली नाही. त्या इतका वेळ गप्प होत्या, आता त्यांनी मान वळवली. "टेस्टर कुठंय?" त्यांनी विचारलं. मी समोरच होतो, डावीकडे, चार हातांवर. त्यांना मी दिसलो नव्हतो.

"इथे आहे, बाई."

"या घराचं वायरिंग यानं केलंय," त्या लोकांना म्हणाल्या. "माझा विद्यार्थी आहे. खोटं बोलायचा नाही. टेस्टर, तू सांग. या दिव्यात काही करामत आहे का?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. भागीदारही बघत होता, आणि त्याची नजर स्पष्ट सांगत होती, बोल, मग मीही बोलतो.

"मी काही करामत बसवलेली नाही, बाई," मी म्हणालो.

यातला शब्दन् शब्द खरा होता. बाईंनी बाटली घेतली.

*

आता किल्लीचं सांगतो, म्हणजे माझा गुन्हा नीट कळेल.

घरात असली यंत्रणा बसवताना आधी कारागीर आपल्या फोनवर तिचं एक खातं उघडतो. काम संपलं की मालकाचं खातं उघडून द्यायचं आणि आपलं पुसून टाकायचं, हा नियम. पुसतं कोण? कोणी नाही. कारण पुढे वर्षभर लोक फोन करतात, पंखा बंद होत नाही, पडदा अर्ध्यात अडकलाय. आपलं खातं ठेवलेलं असलं की दुकानात चहा पिता पिता बोटानं दुरुस्त करता येतं. जिने चढायला नकोत. आमच्या धंद्यात ही चोरी नाही, सवय आहे. मी तर त्याही पुढे गेलो होतो. बसवलेल्या त्रेचाळीस घरांना मी एकच पासवर्ड ठेवला होता, लक्षात राहावा म्हणून. तो भागीदाराला माहीत होता. आमचं फाटलं, तो निघून गेला, पासवर्ड तोच राहिला. बदलू, बदलू म्हणत दोन वर्षं गेली.

ही एक चूक. दुसरी त्याहून लहान दिसते, पण सगळं सुरू झालं ते तिच्यापासून.

बाईंना काचबिंदू होता. या आजारात नजर कडांकडून आत आत मरत येते. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. एकदा संध्याकाळी बाई वाचनाच्या खोलीच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तिन्हीसांजेला खोलीत अंधार होतो. मी पुस्तकात असतो, दिवा लावायचं विसरतो," ते म्हणाले. "हा दिवा रोज सहाला आपोआप लागेल असं करता येतं का? मला शिकव, मीच करतो. आणि तिला सांगू नकोस. मला पांगळी समजता का म्हणून डोक्यावर बसेल."

मी शिकवलं. जाडजूड बोटांनी काकांनी स्वतः तो टायमर लावला. पुढे रोज सहाला दिवा लागायचा, खाली काका वाचत बसलेले असायचे, आणि बाईंना वाटायचं तेच लावतात.

काका गेले. दिवा सहाला लागतच राहिला.

बाई काही दुधखुळ्या नव्हत्या. दहाव्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "अरे टेस्टर, वाचनाच्या खोलीतल्या दिव्याला तू टायमर वगैरे लावलायस का?" मी दुसऱ्याच घरात शिडीवर उभा होतो, दातांत वायर. काकांना दिलेला शब्द आठवला. बाईंचा आवाज कधी नव्हे तो इतका बारीक झाला होता की वाटलं, असू दे बिचारीला तेवढाच आधार. "मी नाही लावला, बाई," मी म्हणालो. हेही खरंच होतं.

बाईंनी हे खालच्या काकूंना सांगितलं. काकूंनी बाबांना आणलं. बाबांबरोबर सेवक आला, त्यानं स्विचबोर्डवरचा माझ्या दुकानाचा स्टिकर पाहिला आणि जुना पासवर्ड घालून बघितला.

*

त्यानंतर तीन आठवडे मी काय केलं, ते लिहायला नको वाटतं. पण ते टाळलं तर या गोष्टीला काही अर्थ नाही.

मी इतर घरांचे पासवर्ड बदलत हिंडलो. "फुकट सर्व्हिसिंग आहे," असं सांगून एकेका घरी जायचो, पाच मिनिटं फोनमध्ये बोटं मारायची, चहा प्यायचा, निघायचं. लोक म्हणायचे, किती काळजी घेता हो आमची! त्रेचाळीसपैकी बेचाळीस घरं मी अशी बंदोबस्तात आणली. बाईंचं मुद्दाम शेवटी ठेवलं. तिथला पासवर्ड बदलला असता तर बाबांचा दिवा बोलायचा थांबला असता, का थांबला म्हणून कोणीतरी विचारलं असतं, आणि उत्तर माझ्या दुकानाच्या दारात आलं असतं. आधी माझी कातडी, मग बाईंचे डोळे, असा तो हिशेब होता. तेव्हा मी त्याला वेगळं काहीतरी म्हणत होतो. सवड, बहुतेक.

भागीदाराला एकदा रस्त्यात गाठलं. "बाईंचे डोळे जातील रे," मी म्हणालो.

"मग सांग ना लोकांना," तो हसला. "सांग की त्यांच्या घराची किल्ली दोन वर्षं माझ्याकडे होती आणि ती तूच दिलीस. बघू उद्या कोण तुला घरात घेतं."

मी मूग गिळून परत आलो.

बेचाळिसावं ठिकाण डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. मी खुर्चीवर चढून काम करत होतो आणि त्या खाली कागद चाळत होत्या. "तुमच्या त्या शाळेतल्या बाई," त्या म्हणाल्या, "मंगळवारी आल्याच नाहीत. नंतरही नाही. फोन केला तर म्हणतात, यजमान नको म्हणतात. यजमान तर वारले ना त्यांचे?"

"हो."

"काचबिंदूत जेवढी नजर गेली तेवढी गेली. ऑपरेशननं ती परत येत नाही, फक्त उरलेली वाचते. त्यामुळे तिथे एकेक आठवडा मोलाचा असतो. तुमचं ऐकतात त्या. जरा सांगा."

तुमचं ऐकतात. मी खुर्चीवरून उतरलो आणि हत्यारं तिथेच ठेवून बाईंकडे निघालो.

सकाळचे अकरा वाजले होते. बाई स्वयंपाकघरात होत्या. "बस, चहा घे," म्हणाल्या आणि किटली उचलली. चहाची धार कपाच्या डाव्या अंगाला टेबलावर पडत राहिली. अर्धी किटली रिकामी झाली. त्यांना ते दिसलंच नाही. चहा टेबलावरून खाली ठिबकायला लागला, तो आवाज आला तेव्हा कुठे त्या थांबल्या. मग फडकं घेऊन पुसू लागल्या. ओट्यावर निळी बाटली निम्मी संपलेली होती.

मला ते बघवेना. मी सगळं सांगितलं. खातं, पासवर्ड, भागीदार, खिशातला हात, टिक.

बाईंनी फडकं पिळलं, वाळत घातलं. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं,

"किती दिवसांपासून माहितीय तुला?"

"तीन आठवडे."

"म्हणजे त्या दिवशी मी विचारलं तेव्हा."

"हो, बाई."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या वळल्या आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "तू सांगतोस म्हणून मी बाबांवर विश्वास ठेवला. आता तू सांगतोस म्हणून सोडून देऊ? असं नाही चालत. पुरावा?"

"कसला पुरावा देऊ?"

"आठवीत काय शिकवलं होतं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच ठेवायचं. मग बघायचं काय होतं. उद्या बाबा येणारेत. इंटरनेटचा डबा कुठे आहे, मला हात लावून दाखव."

मी दाखवला. त्यांनी एवढं सगळं विचारलं, पण सहा वाजता कोण दिवा लावतं, ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बाकीचं सगळं त्यांच्याकडून काढून घेतलं होतं, तेवढं एक राहू द्यावं असं वाटलं. किंवा माझी हिंमत तिथवरच होती.

*

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गर्दी. फरक एवढाच की साडेपाचलाच बाई उठून उभ्या राहिल्या.

"आज सहापर्यंत थांबायचं नाही," त्या म्हणाल्या. "बाबा, लहरींना घड्याळ थोडंच असतं? आत्ताच बोलवा यांना."

बाबांनी क्षणभर सेवकाकडे बघितलं. मग तोंडभर हसले. "का नाही? भक्ती शुद्ध हवी फक्त." त्यांनी हात वर केला. टिक, दिवा लागला. "काका, आलात?" टिक टिक, हो.

"छान," बाई म्हणाल्या. "टेस्टर, काढ."

मी कपाटाच्या मागून इंटरनेटच्या डब्याची पिन ओढली. हिरवे ठिपके विझले.

"आता विचारा."

बाबांनी विचारलं. दिवा ढिम्म. पुन्हा विचारलं, आवाज जरा चढवून. दिवा तसाच शांत जळत राहिला. स्टुलावरचा सेवक आता डोळे उघडे ठेवून खिशात चाचपत होता.

"लहर क्षीण आहे," बाबा म्हणाले. "खोलीत कोणीतरी अश्रद्ध आहे."

"मी आहे," बाई म्हणाल्या, "पण मी मघाशीही होते. टेस्टर, लाव."

मी पिन बसवली. हिरवे ठिपके परत यायला दोन मिनिटं लागली.  "विचारा," बाई म्हणाल्या. बाबांनी घाईघाईनं विचारलं. टिक टिक. हो! काही लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण बऱ्याच जणांनी वाजवल्या नाहीत.

"काढ."

काढली. काका पुन्हा गप्प.

"म्हणजे यांना परलोकातून यायला इंटरनेट लागतं," बाई म्हणाल्या. पहिल्या रांगेतला कोणीतरी फस्सकन हसला. हसू मागच्या रांगांत पसरलं. बाबांच्या कपाळावर घाम दिसू लागला. बाईंनी चाचपडत स्विच शोधला, हातानं दिवा बंद केला आणि आरामखुर्चीत जाऊन बसल्या.

"डबा बंदच राहू दे, टेस्टर," त्या म्हणाल्या. "सहा वाजेपर्यंत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाबा त्यांच्या दृष्टीनं केव्हाच निकालात निघाले होते. त्यांचा खरा प्रयोग हा होता. सहाचा दिवाही भागीदारच लावत असेल, तर आज तो लागणार नाही. आणि लागला तर?

 काकांचा टायमर स्विचबोर्डातल्या डबीतच साठवलेला होता. त्याला इंटरनेट लागत नव्हतं, आणि स्विच हातानं बंद केलेला असला तरी त्याचं अडत नव्हतं.

घड्याळात सहा वाजले. टिक. दिवा लागला.

एकच कल्लोळ उठला. "पाहिलंत?" बाबा ताडकन उभे राहिले. त्यांचा विश्वासच बसत नव्हता, पण धंद्याची जीभ कामाला लागली. "डबा बंद! इंटरनेट बंद! कोणाचा हात नाही! आले की नाही काका? आता सांगा, कोण खोटं?" हसणारी पहिली रांग हात जोडून बसली होती. खालच्या काकू रडत होत्या.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत त्यांचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. प्रश्नाचं उत्तर येत नसलेल्या मुलीसारखा, आणि त्यात आशा होती, नागडी. "टेस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "हे काय?"

दोनदा मी त्यांना शब्दन् शब्द खरं सांगून फसवलं होतं. तिसऱ्यांदा तर काही बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं. माझं दुकान वाचलं असतं, आणि बाईंना त्यांचे यजमान रोज सहाला मिळाले असते.

"टायमर आहे, बाई," मी म्हणालो.  "मी नाही लावला. काकांनी लावला. तुम्ही पडलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले होते. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी सांगायला हवं होतं."

 मी फोनमध्ये त्या दिव्याची नोंद उघडली. ही यंत्रणा कधीच काही विसरत नाही. दिवा कधी लागला, कधी विझला, कोणाच्या खात्यातून, सगळं तारीखवार लिहून ठेवते. फोन बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला, लांब धरला, डोळे बारीक केले.

"मला दिसत नाही," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "तीन आठवडे झाले थेंब घालतेय. दिसत नाही. वाच तू."

मी वाचलं. आजची तारीख, पाच वाजून तेहतीस मिनिटं, दिवा चालू, खातं कारागीर. पाच चौतीस, बंद-चालू, खातं कारागीर. ओळींमागून ओळी. दिवा ऑपरेशनला 'नाही' म्हणाला होता तो दिवसही निघाला, दोनदा बंद-चालू, खातं कारागीर. "कारागीर म्हणजे कोण?" मागून कोणीतरी विचारलं.

"मी," मी म्हणालो. "हे खातं माझं आहे. मी पुसलं नाही आणि त्याचा पासवर्ड या माणसाला दिला होता." स्टुलाकडे बोट केलं तेव्हा स्टूल रिकामं होतं. सेवकानं चपलांच्या ढिगातून दुसऱ्याच कोणाचे तरी बूट घालून पळ काढला होता. बाबा "ही यंत्राची गडबड आहे, लहरींचा काही दोष नाही," असं म्हणत दाराकडे सरकत होते. त्यांना कोणी अडवलं नाही, पण वाटही कोणी करून दिली नाही. बाहेर पडेपर्यंत त्यांना प्रत्येकाला 'जरा सरका' म्हणावं लागलं.

"आणि सहाची?" बाईंनी विचारलं. "सहाची ओळ वाच."

"दररोज, सहा वाजता, वाचनाची खोली. खातं काकांचं." मी थांबलो. टायमर लावताना त्याला काहीतरी नाव द्यावं लागतं. लोक 'दिवा एक', 'दिवा दोन' असं काहीही टाकतात. काकांनी त्या दिवशी काय टाकलं होतं ते मी तेव्हा बघितलं नव्हतं.

"टायमरचं नाव," मी वाचलं, "'तिच्या डोळ्यांसाठी'."

बाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. काकांनी खरंच निरोप ठेवला होता. बाबांचा दिवा जे सांगत होता, त्याच्या बरोबर उलट.

*

चार दिवसांनी ऑपरेशन झालं. व्यवस्थित झालं. उरलेली नजर वाचली. डाव्या डोळ्याची जी बाजू गेली, ती गेली. त्यातली किती माझ्या तीन आठवड्यांत गेली, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तसं मोजता येत नाही. त्यांना वाटलं मला त्यानं बरं वाटेल.

बाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफीचं नंतर बघू. त्या बेचाळीस घरी जाऊन आलास का?"

"पासवर्ड बदललेत, बाई."

"ते नाही विचारलं. का बदललेस, ते सांगितलंस का?"

मग मी पुन्हा बेचाळीस जिने चढलो. दोन वर्षं तुमच्या घराची किल्ली परक्या माणसाकडे होती आणि दोष माझा आहे, असं एकेका दारात उभं राहून सांगितलं. काहींनी चहा दिला, काहींनी शिव्या दिल्या, अकरा जणांनी दार लावून घेतलं आणि दुसरा कारागीर बोलावला. त्यांचं काही चुकलं नाही. आता मी काम संपलं की मालकासमोर माझं खातं पुसतो आणि त्यांना ते बघायला लावतो.

वाचनाच्या खोलीतला दिवा अजून सहाला लागतो. टायमर काढू का विचारलं, तर बाई म्हणाल्या, "कशाला? आता माहितीय ना कोणी लावलाय." संध्याकाळी मी कधी गेलो आणि त्यांच्या डावीकडे बसलो, तर मी आहे हे त्यांना कळत नाही. मग त्या विचारतात, "टेस्टर, आहेस ना रे?" मला दर वेळी "आहे" म्हणावं लागतं.

घरात आपोआप दिवा लागला, दार उघडलं, यंत्र बोललं, तर घाबरू नका आणि हातही जोडू नका. आधी विचारा, हे कोणी लावलं, याची किल्ली कोणाकडे आहे. एका वेळी एक गोष्ट बदलून बघा, उत्तर सापडतं. हे मी फसणाऱ्यांना सांगतो आहे. पण माझं जास्त सांगणं दुसऱ्यांना आहे. गर्दीच्या कोपऱ्यात माझ्यासारखा एखादा असतोच, ज्यानं टिक ऐकलेली असते. बाबाची भीड, धंद्याची काळजी, कोणाचं मन दुखायला नको, अशी कितीतरी कारणं त्याच्याजवळ तयार असतात. तो तुम्ही असाल, तर कोणी विचारायची वाट बघू नका. तिथेच उभे राहा आणि मोठ्यानं सांगा.